ज्यांच्यावर उपचार झाले त्यांची साक्ष

कोणत्याही उपचारात तीन पक्ष असतात. उपचार करणारा, त्याचे पैसे देणारा आणि तो सोसणारा. मोठ्या माणसाच्या बाबतीत दुसरा आणि तिसरा पक्ष बहुधा एकच असतो. औषध सोसले नाही तर त्याला वैद्याला तसे सांगता येते, गुण आला नाही तर वैद्य बदलता येतो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र हे दोन पक्ष निराळे होतात. पैसे आईबाप देतात, गुण आला की नाही हे आईबापांना विचारले जाते, आणि ज्याच्या अंगावर उपचार होतो त्याची साक्ष काढावी हे कोणाच्या मनातही येत नाही. ते मूल बोलत नसेल तर मग पाहायलाच नको. परंतु मुले मोठी होतात. त्यांतली कित्येक पुढे बोलू लागतात, लिहू लागतात आणि लहानपणी आपल्यावर काय झाले ते जगाला सांगू लागतात. ते सांगणे तक्रारीचे असेल तर उपचारकाने काय करावे?

स्वमग्न माणसे आणि वर्तनोपचारक यांच्यात गेली तीसएक वर्षे जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. वाद प्रामुख्याने अमेरिकेत व कॅनडात वाढला; परंतु तो उपचार आता आपल्या शहरांतूनही होतो, म्हणून त्याचा इतिहास आपणही नीट समजून घ्यावा असे आम्हांस वाटते.

प्रथम उपचारकांची बाजू मांडली पाहिजे, कारण तीही खरी आहे. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात स्थान दिले. त्यानंतरची वीसपंचवीस वर्षे या मुलांना आणि त्यांच्या मातांना फार वाईट गेली. मनोविश्लेषणाचा तो काळ. आईची माया आटली म्हणून मूल असे झाले, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून तेच मत पुन्हा मांडले. ज्या बाईने रात्र रात्र जागून मूल सांभाळले तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, आणि मुलाची रवानगी करायची ती एखाद्या मोठ्या संस्थेत, अशी रीत पडली होती. तेथे गेलेले मूल पुष्कळदा जन्मभर तेथेच राही.

वर्तनोपचारकांनी ही कोंडी फोडली. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतील सिद्धान्त साधा होता. ज्या कृतीमागून काही हवेसे मिळते ती कृती वाढते. जिच्यामागून काहीच मिळत नाही ती ओसरते. दोष कोणाचा हे शोधीत बसण्यापेक्षा मुलाला पुढची पायरी कशी शिकवावी ते पाहा, असे ही मंडळी म्हणू लागली. १९६४ साली माँट्रोझ वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची जाणार, आणि मूल तर चष्मा अंगाला लावून घेईना. या तिघांनी खाण्याच्या पदार्थांचे आमिष दाखवून, आधी नुसती चौकट हाती देऊन, मग ती डोळ्यांपर्यंत नेऊन, एकेक पायरीने त्याला चष्म्याची सवय लावली. त्या आमिषासाठी त्याची न्याहारी अडवून धरली गेली, आणि आकांडतांडव केले म्हणून त्याला खोलीत एकटे कोंडलेही गेले. पण त्याची दृष्टी वाचली. या चष्म्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

याच सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आयव्हर लोवास यांनी आपले काम सुरू केले, आणि त्यात आरंभापासून दोन धागे गुंतलेले होते. एक धागा चिकाटीचा. तासन्‌तास मुलासमोर बसून एकेक उच्चार, एकेक कृती शिकवायची. दुसरा धागा शिक्षेचा. १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या स्वमग्न जुळ्या भावांवर विजेच्या झटक्यांचा प्रयोग केल्याचे स्वतःच प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकात त्यांच्या उपचारावर लेख आला, त्याच्या मथळ्यातच किंकाळ्या, थपडा आणि प्रेम हे तीन शब्द एकत्र होते. त्या काळच्या वाचकांना ती शर्थ वाटली. आज तीच चित्रे पाहताना आपला जीव गलबलतो.

१९८७ साली लोवास यांनी आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. १९ लहान मुलांना आठवड्याला चाळीस तासांहून अधिक, दोन वर्षे वा अधिक काळ, एका मुलामागे एक शिक्षक अशा रीतीने शिकविले. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत सर्वसाधारण मुलांसारखी शिकू लागली, असा त्यांचा दावा होता. शेकडा ४७ हा आकडा त्यानंतर घरोघर पोहोचला. हताश झालेल्या आईबापांना तो देवाच्या कौलासारखा वाटला, यात नवल नाही. परंतु मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि त्या उपचारात दरडावणे व मांडीवर चापट मारणे हेही होते. पुढे २००० साली ट्रिस्ट्रम स्मिथ व सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, तेव्हा लाभ दिसला खरा, पण तो पुष्कळच बेताचा होता.

इतके दिवस या कथेत तिसरा पक्ष मुका होता. १९९३ साली कॅनडातील टोरांटो येथे स्वमग्नतेवरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथे जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने आईबापांना उद्देशून भाषण केले. त्याचा आशय असा : आमच्यासाठी शोक करू नका, स्वमग्नता म्हणजे आत कोंडलेल्या एखाद्या निराळ्या मुलाभोवतीची भिंत नव्हे, ती काढून टाकली तर मागे उरणारे मूल हे तुमचे मूल नसेल. २००४ साली माँट्रियल येथील मिशेल डॉसन यांनी पुढचे पाऊल टाकले. या बाई टपाल वाटण्याचे काम करणाऱ्या आणि स्वतः स्वमग्न. त्यांनी वर्तनोपचारकांच्या नीतिनियमांची सविस्तर झडती घेणारा निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी या उपचाराचा खर्च सरकारने करावा की नाही हा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात चालला असता त्यात मध्यस्थ म्हणून आपले म्हणणेही मांडले. त्यांचा मुद्दा बोचरा होता. न्यायालयात आईबाप आहेत, सरकार आहे, तज्ज्ञ आहेत; ज्यांच्याविषयी हा खटला आहे ती माणसे कोठे आहेत?

तक्रारींचा गोषवारा असा सांगता येईल. हात फडफडविणे, अंग झुलविणे या गोष्टी कित्येक स्वमग्नांना मन शांत करण्यासाठी लागतात. त्या विनाकारण बंद पाडल्या गेल्या. डोळ्याला डोळा भिडविणे पुष्कळांना असह्य होते. ते खाऊच्या आमिषाने करवून घेतले गेले. मोठा माणूस सांगेल ते निमूटपणे करण्याची सवय इतकी लावली गेली की नाही म्हणण्याचे बळच गेले, आणि असे मूल पुढे कोणाही दुष्टाच्या हाती सहज सापडते. शेवटची तक्रार सर्वांत खोल आहे. चारचौघांत ओळखू न येणे हेच यश ठरले, म्हणून जन्मभर सोंग वठविण्याची शिक्षा मिळाली. हे केवळ रडगाणे नव्हे. २०१८ साली ब्रिटनमध्ये सारा कॅसिडी व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, आपली स्वमग्नता झाकून वावरणे आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आढळला. उपचारामुळेच हे घडते असे त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही. परंतु झाकण्याला किंमत पडते एवढे त्यातून दिसते.

सगळेच स्वमग्न अशी तक्रार करतात असेही नाही. आपल्याला या शिकवणीचा उपयोग झाला असे सांगणारेही आहेत. पण साक्षीदारांत मतभेद आहे म्हणून साक्षच नको, असे कोणते न्यायालय म्हणेल?

आता उपचारकांकडून सामान्यतः मिळालेली उत्तरे पाहू. पहिले उत्तर : हे सारे जुने झाले, आता आम्ही मारीत नाही. ते बव्हंशी खरे आहे. आज बहुतेक ठिकाणी खेळातून आणि गोडीगुलाबीने शिकवितात. परंतु मॅसॅच्युसेट्स राज्यातील जज रोटेनबर्ग केंद्रात विजेचे झटके एकविसाव्या शतकातही चालू राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर २०२० साली बंदी घातली, २०२१ साली न्यायालयाने ती उठविली, २०२२ साली कायदाच बदलावा लागला आणि २०२४ साली बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. वर्तनविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या झटक्यांविरुद्ध स्पष्ट ठराव केला तो २०२२ साली. स्वमग्नांच्या संघटना कित्येक वर्षे आधीपासून हेच ओरडून सांगत होत्या. शिवाय चापट गेली म्हणून तक्रार संपत नाही. खाऊ देऊन चुकीची गोष्ट शिकविली तर ती गोड होते, बरोबर होत नाही.

दुसरे उत्तर : तुम्ही बोलता, लिहिता, भाषणे करता, आमच्याकडची मुले स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेतात, त्यांच्या वतीने बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय? या उत्तरात एका थकलेल्या आईचे दुःख आहे, आणि ते आम्ही हलके लेखीत नाही. मुलाचे डोके फुटत असेल तर त्याला वाचविलेच पाहिजे. हे कोणीही जाणता स्वमग्न माणूस नाकारीत नाही. परंतु आज बोलणाऱ्या कित्येकांना लहानपणी वाचा नव्हती. आणि न बोलणाऱ्या मुलाच्या मनाचा अंदाज करायचाच झाला, तर तो अनुभव ज्याने अंशतः तरी घेतला आहे त्याचा अंदाज आपल्या अंदाजापेक्षा जवळचा असण्याचा संभव अधिक. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपलीच म्हण आहे.

तिसरे उत्तर : आमच्यापाशी शास्त्र आहे, तुमच्यापाशी आठवणी. हे उत्तर ऐकायला भारदस्त वाटते. पण शास्त्र जे मोजते तेच त्याला दिसते. लहान स्वमग्न मुलांवरील औषधेतर उपचारांचे १५० अभ्यास क्रिस्टन बोटेमा-ब्यूटेल व सहकाऱ्यांनी तपासले आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांत सर्वच पद्धती होत्या, केवळ वर्तनोपचार नव्हता. उपचाराने काही अपाय झाला काय, याचा नुसता उल्लेख असलेले अभ्यास निघाले अवघे ११. अपाय कोणी मोजलाच नाही आणि मग म्हणायचे की अपायाला पुरावा नाही. या तर्काला काय म्हणावे?

मग योग्य उत्तर कोणते? ते बाहेरून आणण्याची गरज नाही. वर्तनोपचारकांच्या स्वतःच्या इतिहासात ते एकदा दिले गेले आहे.

१९७० च्या सुमारास हीच उपचारपद्धती समलिंगी माणसांची प्रवृत्ती बदलण्यासाठीही वापरली जात होती. १९७२ साली न्यूयॉर्क येथे वर्तनोपचारकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले, तेव्हा समलिंगी कार्यकर्त्यांनी तेथे येऊन निषेध केला, आणि चार्ल्स सिल्व्हरस्टाइन यांनी व्यासपीठावरून उपचारकांना थेट जाब विचारला. ऐकणाऱ्यांत जेराल्ड डेव्हिसन होते. ते स्वतः या उपचारात काम केलेले गृहस्थ. दोन वर्षांनी, १९७४ साली, ते त्याच संघटनेचे अध्यक्ष झाले आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी सांगितले की हा उपचार आपण बंद करावा. रुग्ण स्वतः मागत असला तरीही करू नये. त्यांचा युक्तिवाद असा की, बदल करता येतो की नाही हा प्रश्न गौण आहे. बदल करावा काय हा खरा प्रश्न आहे. आणि समाजाच्या तिरस्काराने पिचलेला माणूस जेव्हा मला बदला म्हणून येतो, तेव्हा ती मागणी त्याची एकट्याची नसते. आपण उपचार देऊ केला की त्या तिरस्कारावर आपलेही शिक्कामोर्तब होते.

त्याच १९७४ साली त्याच क्षेत्रातील एका प्रमुख नियतकालिकात जॉर्ज रेकर्स आणि लोवास यांचा निबंध छापून आला. मुलींसारखे वागतो म्हणून पाच वर्षांच्या एका मुलाचे वागणे कसे बदलले, याची ती हकीकत होती. त्या निबंधाविषयी चिंता व्यक्त करणारे निवेदन नियतकालिकाच्या संस्थेने काढले ते २०२० साली. एका वर्षातले हे दोन कागद शेजारी ठेवावेत. एकाने टीका ऐकली आणि दोन वर्षांत आपला मार्ग बदलला. दुसऱ्याने ऐकली नाही, आणि व्यवसायाला ती चूक बोलून दाखवायला ४६ वर्षे लागली.

डेव्हिसन यांनी केले ते नेमके काय? त्यांनी टीका करणाऱ्याचा अधिकार तपासला नाही, त्याचा स्वर सौम्य होईपर्यंत वाट पाहिली नाही आणि आपले सारे शास्त्रही टाकून दिले नाही. त्यांनी एवढेच मानले की साधन आपल्या हाती आहे म्हणून साध्य ठरविण्याचा अधिकार आपोआप आपल्याकडे येत नाही.

स्वमग्नांच्या बाबतीत तर उपचारकांना आपल्याच ग्रंथांत आधार सापडेल. ज्या माँट्रोझ वुल्फ यांनी त्या मुलाला चष्मा लावला, त्यांनीच १९७८ साली एक निबंध लिहून सहकाऱ्यांना बजावले की आपले उद्दिष्ट, आपली रीत आणि आपला परिणाम या तिन्ही गोष्टी ज्यांच्यासाठी आहेत त्यांना त्या पटतात काय, हे विचारले पाहिजे. व्यवसायाने हे तत्त्व स्वीकारले. पण विचारले ते बहुतेक करून आईबापांना व शिक्षकांना. पुढे १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड यांनी दाखवून दिले की मुलांचा आक्रस्ताळेपणा हे पुष्कळदा एक प्रकारचे बोलणेच असते. काम अवघड जाते हे सांगण्याची दुसरी रीत त्यांना शिकविली की आरडाओरडा कमी होतो. हे जर खरे, तर उपचाराच्या टेबलावरून उठून पळणारे मूलही काही सांगत आहे. आणि तीस वर्षांनी निबंध लिहून तक्रार करणारा माणूसही तेच, फक्त अधिक स्पष्ट शब्दांत, सांगत आहे. पहिले निरीक्षण म्हणून टिपायचे आणि दुसरे निंदा म्हणून झटकायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

तेव्हा आम्हांस वाटते ते असे. टीका आली की उपचारकाने आधी गप्प बसून ती पुरी ऐकावी. मग जे घडले ते घडले असे मान्य करावे. ‘तो मी नव्हेच’ हा बचाव त्यात नसावा. उद्दिष्टे ठरविताना स्वमग्न प्रौढांना सल्लागार म्हणून मानधन देऊन बसवावे, शोभेसाठी नव्हे. मुलाने मान फिरविली, हात झटकला, तर तो नकार मोजावा आणि मानावा. अमेरिकेतील वर्तनविश्लेषकांच्या प्रमाणन मंडळाने २०२२ पासून लागू केलेल्या आचारसंहितेत मुलाच्या स्वतःच्या अनुमतीचा उल्लेख आहे, ही चांगली सुरुवात झाली. आणि प्रत्येक नव्या उद्दिष्टापाशी थांबून एक प्रश्न विचारावा, तो त्या चष्म्याचा. चष्मा लावला तो मुलाला दिसावे म्हणून. हात स्थिर ठेवायला लावले ते मूल इतरांना बरे दिसावे म्हणून. उपचार दोन्हीकडे एकच, आमिष एकच, चिकाटीही एकच. परंतु पहिल्यात मुलाचे हित आहे आणि दुसऱ्यात आपली सोय. इतके करूनही चष्मा लावताना त्याला खोलीत कोंडण्याची गरज होती काय, हा प्रश्न उरतोच. चांगले साध्य प्रत्येक साधनाला पवित्र करीत नाही.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली आहे. उपचार वाढत आहेत, आईबापांची धावपळ वाढत आहे, आणि हा सारा पन्नास-साठ वर्षांचा अनुभव आपल्याला आयता उपलब्ध आहे. डावखुऱ्या मुलाच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देण्यात आपल्या कित्येक पिढ्यांनी केवढी मेहनत घेतली! ते घडले प्रेमापोटी, मुलाचे पुढे कसे होईल या काळजीपोटी. ती मुले मोठी झाली, लिहिती झाली, आणि त्यांनी सांगितले तेव्हाच आपल्याला कळले की हात मोडका नव्हता. स्वमग्न मुलेही मोठी होत आहेत. त्यांचे सांगणे कडू लागेल, क्वचित अन्यायाचेही वाटेल. पण उपचार लागू पडला की नाही हे सांगणारा त्यांच्याहून जवळचा साक्षीदार उपचारकाला मिळणार नाही, आणि अशा साक्षीदाराचे त्याने स्वागतच केले पाहिजे.